डिसेंबरातलं पानशेत

२३ ऑगस्ट २०२४, श्रावणातला शुक्रवार. सकाळी साडेआठचा पाऊस ११.४ मिलिमीटर होता आणि बाबांना तो लिहायला जागा नव्हती.

पावणेनऊला त्यांचा फोन आला. मागे आईची जिवतीच्या पूजेची गडबड ऐकू येत होती. "अगं, लॅपटॉप चालू होत नाहीये. काळा पडदा येतो, वर इंग्रजीत दोन ओळी, आणि आतून टक् टक् वाजतंय." मी विचारलं, किती वेळ वाजतंय? "टक्, मग थोडं थांबतो, परत टक्. मी मोजलं, साधारण दोन सेकंदांनी." बाबा आवाजसुद्धा मोजतात.

ते सिमला ऑफिसातून निवृत्त झाले. पुण्याबाहेरच्यांसाठी सांगते: शिवाजीनगरच्या वेधशाळेला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात, कारण १९२८ साली हवामान खात्याचं मुख्य कार्यालय सिमल्याहून इथे आलं. मुख्य कार्यालय पुढे दिल्लीला गेलं, नाव मात्र इथेच राहिलं, बसस्टॉपलासुद्धा. ३१ जुलै २०१० ला बाबा तिथून शेवटचे बाहेर पडले आणि दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, सहकारनगरच्या आमच्या गच्चीवर त्यांनी पर्जन्यमापक बसवला. २०० चौरस सेंटिमीटर तोंडाचा. त्यात २० मिलिलिटर पाणी साठलं की १ मिलिमीटर पाऊस झाला, असा साधा हिशोब. रोज सकाळी साडेआठला ते वर जातात, मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरतात, पाण्याच्या कडेचा नाही तर मधल्या खोलगट भागाचा आकडा वाचतात आणि खाली येऊन लिहितात. पाऊस नसेल तरी वर जातात. जानेवारीतही. "शून्य हीसुद्धा नोंद आहे," असं ते लहानपणापासून आम्हाला सांगत आलेत. गच्चीवर वाऱ्यामुळे पाऊस थोडा कमीच सापडतो हे त्यांना ठाऊक आहे आणि ते कुणालाही न विचारता सांगतात.

या नोंदी एका साध्या फाइलमध्ये आहेत. तारीख, स्वल्पविराम, पाऊस, स्वल्पविराम, शेरा. एका दिवसाची एक ओळ. चौदा वर्षांच्या पाच हजारांवर ओळी, आणि फाइलचं नाव 'पाऊस'. नोटपॅडमध्ये ते रोज एक ओळ वाढवतात आणि महिनाअखेरीला तीच फाइल एक्सेलमध्ये उघडून बेरीज बघतात. सगळी मिळून दोनशेएक केबी. एक टीबीच्या डिस्कवर एवढीशी गोष्ट, मोठ्या वाड्याच्या एका कोनाड्यात ठेवलेल्या कुंकवाच्या करंड्यासारखी.

त्या फाइलची प्रत मी दर दिवाळीला पेनड्राइव्हवर काढून ठेवत असे. साफसफाईतलंच एक काम म्हणून. म्हणजे २०२३ च्या दिवाळीपर्यंतचं सगळं माझ्याकडे होतं, त्यापुढचं नव्हतं. २०२४ चा आख्खा पावसाळा नव्हता. २५ जुलैची नोंद नव्हती. त्या दिवशी खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली. बाबांनी आदल्या रात्रीपासून तीनदा वर जाऊन पाणी मोजलं होतं, कारण मापक भरून वाहील की काय अशी त्यांना शंका होती. संगणकाचं काम करून मी पोट भरते. वर्षातून एकदा प्रत काढणं म्हणजे प्रत काढणं नव्हे, हे मला कळायला हवं होतं. ती चूक माझी आहे आणि तिचं मला मनापासून वाईट वाटतं.

टिळक रस्त्यावरच्या एका दुकानात शनिवारी लॅपटॉप नेला. काउंटरवरच्या मुलाने मागचे स्क्रू काढले, डिस्क बाहेर घेतली, वायरला जोडली आणि कानाला लावली. डॉक्टर घड्याळ बघत नाडी धरतात तसा चेहरा करून तो थोडा वेळ ऐकत राहिला. मग मला म्हणाला, "ताई, तुम्ही पण ऐका."

मी ऐकलं. आधी चकत्या वेग घेतानाचा बारीक सूं असा चढत जाणारा सूर. लॅपटॉपच्या अशा डिस्कच्या चकत्या मिनिटाला ५४०० वेळा फिरतात, म्हणजे सेकंदाला ९०. सूर स्थिर झाला की टक्. मग काही नाही. परत टक्. वाचणारी सुई चकतीला टेकत नाही, काही नॅनोमीटर वर तरंगते. आपला केस त्याच्या हजारो पट जाड. तिला खाली खूण सापडली नाही की ती परत आपल्या जागेवर येते आणि नव्याने शोधायला निघते. त्या परत येण्याचा हा आवाज. आठ वर्षं बाबांच्या टेबलावर ती न कुरकुरता फिरली होती. हातात धरल्यावर ती कोमट लागत होती आणि आतला तो धक्का तळव्याला जाणवत होता.

"आता परत परत चालू करून बघू नका," तो मुलगा म्हणाला. "दर वेळी थोडी आणखी जाते. डेटा नको असेल तर नवीन टाकून विंडोज करून देतो, तासाभराचं काम आहे." डेटा हवा आहे म्हटल्यावर त्याने घाई केली नाही. डेटा काढून देणाऱ्यांकडे किती खर्च येतो ते सांगितलं, घरी काय करून बघता येईल तेही सांगितलं, आणि जुनी डिस्क स्पंजच्या तुकड्यात गुंडाळून दिली. मी पाचशे जीबीची एसएसडी घेतली. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, म्हणून बाबांनी ती हातात घेऊन हलवून बघितली आणि "हिची तब्येत कशी कळायची?" असं विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. ती टकटक करत नाही. जायची तेव्हा बहुतेक वेळा न सांगताच जाते.

शनिवार-रविवारच्या दोन रात्री जुनी डिस्क आईच्या जेवणाच्या टेबलावर पंख्याखाली होती. पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) चालू केलं आणि डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामला कामाला लावलं. त्याची रीत मला फार आवडते. तो अडलेल्या जागी डोकं आपटत बसत नाही. सहज वाचता येतं ते सगळं आधी उचलतो, अडलं की तिथे खूण करून पुढे जातो, आणि मग त्या खुणांपाशी परत येऊन बारीक बारीक तुकड्यांनी वाचायचा प्रयत्न करतो. मध्येच वीज गेली तरी कुठपर्यंत आलो होतो हे त्याच्या वहीत लिहिलेलं असतं. पहिल्या रात्री बाबा साडेबारापर्यंत शेजारी खुर्ची टाकून बसले होते. पडद्यावर आकडे हलत होते, किती वाचलं, किती अडलं. त्यांना त्यात समजण्यासारखं फारसं नव्हतं, पण कुणीतरी नोंद घेत बसलंय एवढं त्यांना कळत होतं आणि त्यांना तेवढं पुरेसं होतं.

सोमवारी सकाळी शेवटी ४१ एमबी वाचायचे राहिले. बाकी सगळं आलं. 'पाऊस' अखंड आली. मी फाइल नुसती वाचण्यापुरती उघडली आणि तळाशी गेले: २२ ऑगस्टची ओळ होती. २५ जुलैची होती. आई देवापाशी साखर ठेवून आली.

राहिलं विंडोज. त्याबद्दल थोडक्यात सांगते. लॅपटॉपबरोबर कंपनी हल्ली सीडी देत नाही. पूर्ववत करायचं सामान त्याच डिस्कच्या एका वेगळ्या कप्प्यात असतं. डिस्क गेली की तेही जातं. घराची दुसरी किल्ली घरातच कुलपात ठेवावी तशी ही व्यवस्था आहे, आणि ती लोकांना आधी स्पष्ट सांगितली जात नाही याची मला चीड येते. माझ्या मशीनवर आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज १० ची तयारी केली, एसएसडी बसवली, सुरू होताना एफ-१२ दाबून पेनड्राइव्ह निवडला. बाबा काळजीत होते की प्रॉडक्ट की कुठे लिहिलेली सापडत नाही. ती लागली नाही. २०१६ च्या या मशीनची की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलेली असते. डिस्क बदलली तरी चिप तीच, त्यामुळे इंटरनेट मिळाल्याबरोबर विंडोजने आपलं मशीन ओळखलं.

मशीन ओळखलं. गाव ओळखलं नाही.

मंगळवारी सकाळी बाबा गच्चीवरून खाली आले आणि लॅपटॉपपाशी थबकले. कोपऱ्यात वेळ होती रात्रीचे आठ. तारीख आदल्या दिवशीची, सोमवारची. बाबांच्या मनगटावर साडेआठ. मला लगेच उलगडलं: आदल्या दिवशी घाईघाईने 'पुढे, पुढे' दाबत जाताना प्रदेश अमेरिका राहिला होता, आणि घड्याळ तिथल्या पश्चिम किनाऱ्याचं, साडेबारा तास मागे. मी म्हटलं, बाबा, एवढंच ना, आत्ता करते. घड्याळ भारताचं केलं. आणि प्रदेश तसाच विसरले.

बाबांना मात्र ते एवढंसं वाटलं नव्हतं. त्यांची उभी हयात साडेआठवर गेली. देशभरातल्या वेधशाळा त्याच क्षणी मोजपात्र उचलतात, कारण इथले साडेआठ म्हणजे जागतिक वेळेचे तीन, आणि जगभरच्या नोंदी त्या घड्याळाला बांधलेल्या असतात. पाऊस किती पडला याच्याइतकंच तो कोणत्या चोवीस तासांत पडला हे महत्त्वाचं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, आमच्या खालच्या गल्लीतून गाड्या वाहून गेल्या. बाबांच्या फाइलमध्ये तो पाऊस २६ सप्टेंबरसमोर आहे, कारण तो मोजला गेला २६ च्या सकाळी साडेआठला. नवख्याला ती चूक वाटेल. ती शिस्त आहे.

मग मी 'पाऊस' एक्सेलमध्ये उघडली. मला वाटलं होतं बाबा तळाशी जातील, शेवटची ओळ बघतील आणि हसतील. ते चष्मा वर करून पडद्याच्या अगदी जवळ गेले.

"यातली शून्यं कुठे गेली?"

मी बघितलं. ०१/०८/२०१० असं ते लिहितात, तिथे १/८/२०१० दिसत होतं. मी म्हटलं, दाखवण्याची पद्धत असेल.

"आणि हे नागमोडी का झालंय?"

आता मलाही दिसलं. तारखांचा रकाना सरळ नव्हता. १ तारखेपासून १२ तारखेपर्यंतच्या तारखा कप्प्याच्या उजव्या कडेला टेकलेल्या, १३ पासून ३१ पर्यंतच्या डाव्या कडेला. पुढच्या महिन्यात परत १ ते १२ उजवीकडे, १३ पासून डावीकडे. आणि डावीकडच्यांची शून्यं जागच्या जागी होती. पाच हजार ओळी अशा लाटेसारख्या खाली गेलेल्या. एक्सेलला जी तारीख कळते ती तो उजवीकडे लावतो, जी कळत नाही ती नुसता मजकूर समजून डावीकडे टाकतो. मग बारापर्यंतच्याच का कळल्या?

उत्तर माझ्या पोटात आधी उतरलं आणि मग डोक्यात. मी रकाना निवडला आणि महिन्याचं नाव दिसेल असं केलं. डावीकडच्या ओळी हलल्या नाहीत. उजवीकडच्या सगळ्या बदलल्या. बाबांनी बोट ठेवलं त्या ओळीत लिहिलं होतं: ७ डिसेंबर २०११, ३.२, पानशेत.

बाबा दर वर्षी १२ जुलैच्या ओळीत, पाऊस असो नसो, शेऱ्यात एकच शब्द लिहितात. पानशेत. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. बाबा तेव्हा नुकतेच अकरा वर्षांचे झाले होते, शनिवारात नदीजवळच्या वाड्यात राहत होते. लोक 'धरण फुटलं' ओरडत पळत होते, तेव्हा आजीने त्यांचा हात धरला आणि सगळे पर्वतीकडे चालत सुटले. परत आल्यावर भिंतीवर त्यांच्या डोक्याच्याही बऱ्याच वर पाण्याची रेघ होती. त्या दिवसाबद्दल ते याहून जास्त सांगत नाहीत. पुढे हवामान खात्यात ते त्यामुळेच गेले का, हे मी एकदा विचारलं होतं. त्यांनी चहाचा कप उचलून बशीत ठेवला आणि विषय बदलला.

"डिसेंबरात पानशेत?" बाबा हळू आवाजात म्हणाले.

अमेरिकेत महिना आधी लिहितात, तारीख नंतर. प्रदेश अमेरिका राहिला म्हणून नव्या यंत्रणेने १२/०७ चा अर्थ डिसेंबरची सात असा घेतला. १३/०७ ला तिला अर्थच लागला नाही, कारण तेरावा महिना नसतो, म्हणून ती ओळ तिने आहे तशी सोडली. म्हणजे चौदा वर्षांच्या प्रत्येक महिन्यातले पहिले बारा दिवस दुसऱ्याच महिन्यांत जाऊन बसले होते. नऊ जूनचा मृगाचा पाऊस सहा सप्टेंबरला. पाच ऑगस्टची झड आठ मेला. आपल्या जागी राहिले ते फक्त एक जानेवारी, दोन फेब्रुवारी, सात जुलै असे तारीख आणि महिना सारखे असलेले दिवस. एकही आकडा चुकला नव्हता. एकही ओळ हरवली नव्हती.

माझा हात सवयीने कंट्रोल-एसकडे गेला. बाबांनी मनगट धरलं. "थांब. सेव्ह करू नकोस." ते कधी हात धरत नाहीत. सेव्ह केलं असतं तर त्या फाइलमध्ये हे सगळं खरं म्हणून लिहिलं गेलं असतं. जुन्या डिस्कची प्रत होती, मूळ बुडालं नसतं, पण त्या क्षणी ते आम्हा दोघांनाही आठवलं नाही. मी काही न जतन करता खिडकी बंद केली. सेटिंग्जमध्ये जाऊन प्रदेश भारत केला, तारीख-महिना-वर्ष असा क्रम केला, मशीन एकदा बंद करून चालू केलं आणि फाइल परत उघडली.

सगळ्या तारखा उजव्या कडेला एका ओळीत उभ्या होत्या. बाबांनी माउस हातात घेतला आणि चाक फिरवत वरपासून खालपर्यंत सगळं बघितलं. पाच हजार ओळी. त्याला बराच वेळ लागला. मध्ये आईने पोहे आणून ठेवले, ते गार झाले. पानशेत चौदा वेळा आलं, चौदाही वेळा जुलैत.

मी त्यांना सुचवलं, की यापुढे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहू, म्हणजे कुठल्याही देशाचं मशीन गोंधळणार नाही. तांत्रिक दृष्ट्या तेच बरोबर आहे आणि माझं मत अजून तेच आहे. ते विचार करून म्हणाले, "पन्नास वर्षं हात तारखेपासून सुरू होतो. मी थांबून विचार करायला लागलो तर आकडा चुकेन." मी पुढे बोलले नाही. त्याऐवजी एका चिठ्ठीवर लिहिलं: प्रदेश भारत, वेळ अधिक साडेपाच, तारीख-महिना-वर्ष, कळफलक मराठी इन्स्क्रिप्ट. ती लॅपटॉपच्या पोटाला चिकटवली. पुढच्या वेळी जो कुणी हे मशीन उघडेल त्याला हे कोणत्या गावचं आहे ते कळेल. प्रत काढायचंही आता रोजचं केलं आहे. बाबांनी ओळ जतन केली की फाइल आपोआप माझ्याकडे येते.

सेटिंग्जमध्ये मराठी कळफलक जोडायचा राहिलाच होता. तो जोडला तसे बाबांचे हात आपोआप जागेवर गेले. इन्स्क्रिप्ट ही कळांची मांडणी त्यांना ऑफिसात असतानाच येत होती, त्यामुळे ते कळांकडे बघत नाहीत.

मधल्या दिवसांच्या नोंदी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर होत्या. दुधाच्या हिशोबाशेजारी पेन्सिलीने, प्रत्येक चौकटीत एक आकडा. आई भिंतीपाशी उभी राहून वाचत गेली आणि बाबा लिहीत गेले. "तेवीस. अकरा पॉइंट चार." "चोवीस." सव्वीसला, गोकुळाष्टमीच्या चौकटीत, दुधाचे तीन लिटर आणि पावसाचा आकडा एकमेकांत गेले होते. ते नक्की कोणतं कोणतं यावर दोघांचं थोडं झालं, मग आईने दुधाचा आपला हिशोब आठवून सांगितला.

सत्तावीसची ओळ लिहून झाल्यावर बाबा शेऱ्याच्या जागी थांबले. मी विचारलं, आता काय? ते म्हणाले, ऑफिसात तापमापक बदलला, मापक हलवला, नुसता रंग दिला तरी त्या दिवशी रजिस्टरमध्ये लिहायचं असतं. पुढे कुणाला आकड्यात काही वेगळं दिसलं तर ते आभाळात झालं की यंत्रात, हे त्याला शोधता आलं पाहिजे.

मग त्यांनी सावकाश टाइप केलं: डिस्क बदलली. २३ ते २६ च्या नोंदी कॅलेंडरवरून.